गोड्या पाण्याचे साहेब

"तीनदा विसळलीस का?"

बाटली हातात घेतली की त्यांचा हा प्रश्न यायचाच. नदीचा नमुना घ्यायचा तर बाटली आधी त्याच नदीच्या पाण्याने तीनदा विसळायची आणि मग भरायची, हा आमच्या कामातला साधा नियम. सगळेच पाळतात, म्हणजे कोणी बघत असलं की पाळतात. ते मात्र चहाचा कपही तीनदा विसळत. हैदराबादच्या कोठी भागातल्या इराणी हॉटेलात कप घेऊन ते बेसिनकडे निघाले की गल्ल्यावरचा माणूस ओरडायचा, "साब, धोयेले हैं कपां!" हे मागे न बघता म्हणायचे, "हौ मियाँ, तुम्हारे हाथ से धोयेले. मेरे हाथ से नईं ना."

असा एखादा माणूस तुमच्याही ऑफिसात असेल. आपण त्याच्यामागे हसतो आणि चार-पाच वर्षांनी आपला हात आपोआप त्याच्यासारखा चालायला लागतो.

त्यांचं घराणं तीन पिढ्या हैदराबादचं. आजोबा आणि वडील सरकारी नोकरीत, हे पाणी तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत. त्यांच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' इतके मुरले होते की पुण्याला दिलेली त्यांची मुलगी फोनवर म्हणायची, "बाबा, सासरी कुणासमोर बोलू नका हं." ते हे सगळ्यांना कौतुकाने सांगत.

मी देगलूरचा. वडील मोंढ्यात हमाली करायचे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला. बी.एस्सी.चा कागद घेऊन हैदराबादेत आलो तेव्हा मला इंग्रजी वाचता यायचं, बोलता येत नव्हतं. मुलाखतीत मॅनेजरने काहीतरी विचारलं आणि मी नुसता उभा राहिलो. कोपऱ्यात बसलेल्या या माणसाने मराठीत विचारलं, "कुठला रे तू?"

"देगलूर."

"मग पाणी भरायला किती लांब जायचास?"

मी सांगितलं. ते मॅनेजरला म्हणाले, "इसको रखो. पानी की कदर है इसको."

त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'देगलूर' झालो. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं, पण ते फक्त हजेरीच्या कागदावर लिहीत.

आमची प्रयोगशाळा कुकटपल्लीत, एका लेथच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर. खाली मशीन सुरू झालं की काचेच्या नळीतलं द्रावण थरथरायचं. पाण्यातला खारटपणा मोजताना थेंब थेंब सोडावा लागतो. पिवळं पाणी विटकरी झालं की थांबायचं. एक थेंब जास्त झाला तर मोजणी वाया. ते खिडकीतून ओरडत, "भाई, दो मिनिट बंद करो, थेंब मोजतोय!" खालच्या कारागिरांना 'थेंब' म्हणजे काय ते कधीच कळलं नाही, पण तो शब्द ऐकला की ते मशीन बंद करत.

मी दिलसुखनगरला कोचिंग क्लासच्या पोरांमध्ये एका खोलीत राहायचो. दर रविवारी जेवायला त्यांच्याकडे, कोठीमागच्या गल्लीत. काकू वाढायच्या आणि ते चौकशी करायचे. एम.एस्सी.चा फॉर्म त्यांनीच आणून दिला आणि परीक्षेच्या रजेसाठी मॅनेजरशी तेच भांडले. आज माझ्या नावापुढे जी अक्षरं आहेत, ती त्यांच्या जेवणाच्या ताटाशेजारी बसून मिळवलेली आहेत.

आता नदीचं सांगतो.

आंध्रच्या किनाऱ्यावर समुद्राला मिळणाऱ्या एका नदीचं काम आमच्याकडे आलं होतं. तिथल्या काही गावांना नदीचं पाणी नळाने द्यायचं होतं. ते पिण्याजोगं आहे का, समुद्राचं खारं पाणी पंपाच्या जागेपर्यंत चढतं का, एवढंच आम्ही सांगायचं होतं. वर्षभर दर महिन्याला एक नमुना. आमच्या कागदावर तिथे पंप बसणार की नाही, हे ठरणार होतं.

त्यांनी हे काम जीव लावून केलं. खारं पाणी जड असतं, ते तळातून येतं आणि गोडं पाणी वर तरंगतं. म्हणून वरवरचा नमुना ते घेत नसत; बाटलीला वजन बांधून ती पंपाच्या तोंडाइतकी खोल सोडत. आणि नमुना घ्यायचा तो ऐन भरतीला. "वाईट वेळेचं पाणी बघायचं, देगलूर. ओहोटीला काय, कुठलीही नदी शहाण्यासारखी वागते."

निघायचा दिवस मात्र ते पंचांग बघून ठरवत. दशमीला निघायचं आणि एकादशीला नमुना. नवमीला प्रवास नक्को. पौर्णिमेला घरी सत्यनारायण. मुलगी लहानपणी मोठ्या दुखण्यातून उठली तेव्हा काकूंनी तो बोलला होता आणि कधी चुकवला नव्हता. आणि अवसेला तर घराबाहेर पाऊल नाही. त्यांचे वडील एका अवसेला दौऱ्यावर गेले ते परत आले नाहीत. आईने पोराचा हात डोक्यावर ठेवून शब्द घेतला होता. "मी मानतो असं नाही रे," ते मला एकदा म्हणाले, "पण आईला आता विचारता येत नाही ना, सोडू का म्हणून."

एकादशीला त्या नदीत भरती यायची ती दिवस कलताना. दिवसभर आम्ही काठावर बसून असायचो. त्यांचा उपास. काकूंनी दिलेल्या डब्यातली साबुदाण्याची खिचडी ते मला अर्धी देत आणि म्हणत, "तुला उपास नाही, तू भात खा जाऊन." पण डबा माझ्याकडेच सरकवत.

काठावर एक म्हातारी राहायची, मासे सुकवणारी. सगळं गाव तिला अव्वा, म्हणजे आजी, म्हणे, म्हणून आम्हीही. तिने सरांना नाव ठेवलं होतं, 'मंचीनीळ्ळ सारू', म्हणजे गोड्या पाण्याचे साहेब. आम्ही दिसलो की ती हाक मारत यायची, "मीरु वस्ते नीळ्ळु तिय्यगा उंटायि, सारू!" तुम्ही आलात की पाणी गोड होतं, साहेब. सरांना तेलुगू उत्तम यायचं. ते लाजून म्हणत, "माझं काय, तुमच्या नदीचा गुण." पण घरी परतल्यावर काकूंना हे आधी सांगत. "गोडं पाणी म्हणे माझ्या पायगुणाने," असं म्हणून हसत. काकू म्हणायच्या, "अहो, मग आमच्या नळालाही जरा पाय लावा."

त्या वर्षात एकाच महिन्यात आमचा दिवस चुकला. काकूंचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं, दशमी गेली, आणि त्यांनी मला सांगितलं, "तू एकटा जाऊन ये. सवड मिळेल तेव्हा जा. मी काय सांगायचं ते सगळं सांगून झालंय." एकट्याने नदीवर जायचा तो माझा पहिलाच प्रसंग. मी बाटली विसळली, वजन बांधलं, कोळ्यांना भरतीची वेळ विचारली आणि नमुना घेऊन आलो.

त्या नमुन्यात मी थेंब सोडत गेलो आणि पाणी पिवळंच राहिलं. नळी रिकामी झाली. पुन्हा भरली. विटकरी रंग आला तो दुसरी नळीही संपत आल्यावर. इतका खारटपणा म्हणजे ते पाणी पिण्याचं नव्हतंच.

त्यांनी आकडा पाहिला. रागावले नाहीत. चष्मा काढून विचारलं, "तीनदा विसळली होतीस?"

मी विसळली होती. तीनदा. मनात मोजलंही होतं. पण ते समोर उभे होते. त्यांच्या वहीतला आकडा कधी चुकलेला मी पाहिला नव्हता, आणि मी म्हणजे काल आलेला. माझ्याच हातांची मला खात्री वाटेना.

"दोनदा असेल, सर."

"होतं असं पहिल्यांदा," ते म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. वहीतली ती ओळ त्यांनी तांबड्या पेनाने खोडली आणि बाजूला लिहिलं, 'बाटली नीट न विसळल्याने नमुना रद्द.' मला कोणी काही बोललं नाही. उलट त्या रविवारी काकूंनी, डोळ्यावर हिरवी पट्टी असताना, पुरणपोळी केली होती.

आमचा अहवाल गेला: पाणी नेहमीच्या शुद्धीकरणानंतर पिण्यास योग्य. पंप बसला. गावागावात नळ आले.

दोन उन्हाळे गेले आणि तक्रारी यायला लागल्या. नळाचं पाणी मधूनच खारं येतं. भात शिजवला तर मीठ घालावं लागत नाही. गुरंसुद्धा तोंड फिरवतात. आम्हाला पुन्हा पाठवण्यात आलं. आम्ही गेलो, अर्थात एकादशीला. पाणी स्वच्छ होतं. मॅनेजर फोनवर म्हणाला, "लोगां हैं साब, शिकायत करतेच रहते."

सर बाटल्या पेटीत ठेवत होते. तेवढ्यात गावातल्या बायका घागरी, बादल्या, ड्रम घेऊन नळावर येताना दिसल्या. इतकी भांडी कशाला, म्हणून सरांनी अव्वाला विचारलं. ती सहज म्हणाली, "तुम्ही आलात ना. तुम्ही येता त्या दिवशी पाणी गोड असतं. एकादशीला भरून ठेवतो, ते अवसेपर्यंत पुरवतो. तुम्ही अवसेला येत जा ना, सारू. तेव्हाच तर हाल होतात."

सर हसले नाहीत. खिचडीचा डबाही त्या दिवशी उघडला नाही.

परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मला वाटलं, उपासाचा थकवा असेल. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मी गेलो तर ते आधीच आलेले होते, समोर ती वही. आमच्याकडे सगळ्यांच्या नोंदी कॉम्प्युटरवर, फक्त त्यांची एक वही मराठीत. प्रत्येक तारखेशेजारी बारीक अक्षरात तिथी लिहायची त्यांची सवय. ऑफिसातल्या बाकीच्यांना मराठी वाचता येत नव्हतं. ती वही वाचू शकणारे आम्ही दोघंच.

"तिथ्या वाच," ते म्हणाले. "मोठ्याने."

मी वाचू लागलो. "शुद्ध एकादशी. वद्य एकादशी. शुद्ध एकादशी. शुद्ध एकादशी..." तांबड्या ओळीशी आलो आणि माझा आवाज थांबला.

"वाच की."

"अमावास्या."

तुम्ही कोकणातले असाल तर एव्हाना तुम्हाला कधीच कळलं असेल. अवस-पौर्णिमेला समुद्राला उधाण येतं. अष्टमी ते एकादशीला भांग, म्हणजे पाणी कमी चढतं. समुद्राकाठच्या लहान मुलांनाही हे माहीत असतं. आम्ही भरतीची वेळ बघितली, खोली बघितली, बाटली तीनदा विसळली, आणि वर्षभर बरोबर तेच दिवस निवडले ज्या दिवशी समुद्र त्या पंपापर्यंत पोचतच नव्हता.

"आपण दख्खनची माणसं, देगलूर," ते फार हळू म्हणाले. "मी समुद्राचं घड्याळ बघितलं. त्याचा महिना बघितलाच नाही. पंचांग रोज हातात असून."

मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "खरं सांग. तीनदा विसळली होतीस ना?"

"हो सर."

"मग दोनदा का म्हणालास?"

ज्या माणसाने आपल्याला उभं केलं, त्याच्यापुढे आपला हात बरोबर आहे, असं कसं म्हणायचं? पण मी तसं म्हटलं असतं, तर तो पंप तिथे बसला नसता.

"माझीच चूक," ते म्हणाले. "मी विचारलंच असं, की तू दुसरं काही म्हणूच नयेस."

पुढच्या अवसेला आम्ही निघालो. काकूंनी डबा भरला, दारात आल्या आणि एकदाच म्हणाल्या, "अहो, सासूबाईंना शब्द दिलाय तुम्ही." ते चपला घालत होते. म्हणाले, "त्या असत्या तर त्यांनाच नेलं असतं दाखवायला." काकू आत गेल्या आणि देवाजवळची सुपारी आणून त्यांच्या खिशात टाकली.

त्या दिवशी भरती सकाळी होती. पाणी वरून नेहमीसारखंच दिसत होतं. मी बाटली खोल सोडली. सर काठावर उभे राहून मोजत होते, "एक... दोन... तीन... आता भर." सोबत आणलेल्या मीटरवर आकडा चढत गेला. तो तांबड्या ओळीतल्या नमुन्यासारखाच होता.

अव्वा आली. तिने आज हाक मारली नाही. म्हणाली, "आज सारू गोडं पाणी न घेताच आले."

त्यात टोमणा नव्हता. तिने घरातून स्टीलचा ग्लास आणला, झाकून ठेवलेल्या घागरीतलं पाणी. एकादशीला भरलेलं. अवसेला पाहुणा आला तर त्याला नळाचं पाणी कसं द्यायचं, म्हणून राखून ठेवलेल्यातलं. सरांनी तो ग्लास दोन्ही हातांनी धरला. बराच वेळ प्यायले नाहीत. मग सगळं पाणी प्यायले, एक थेंब न सांडता, आणि ग्लास विसळायला नळाकडे निघाले. नळाशी जाऊन थांबले. त्या नळाला काय येत होतं, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? ते तसेच परत आले आणि रिकामा ग्लास अव्वाच्या हातात दिला. न विसळता ठेवलेलं भांडं मी त्यांच्या हातून तेवढं एकच पाहिलं.

परतल्यावर त्यांनी आपलाच अहवाल मागे घेणारं पत्र लिहिलं. मॅनेजर हादरला. "साब, ये पंचांग की बातां नक्को लिखो. लोगां हसेंगे." सर म्हणाले, "हसने दो. जो हुआ वो लिखतौं." नमुन्यांचे दिवस निवडण्यात चूक माझी, असं त्यांनी स्पष्ट लिहिलं. खाली आणखी एक वाक्य होतं: रद्द केलेला नमुना बरोबर होता, आणि तो घेणाऱ्याचं नाव अमुक. माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट. कुठल्याही अहवालात माझं नाव आलं ते त्या पत्रात पहिल्यांदा.

लोक हसलेच. 'पंचांगवाले साब' हे नाव मागून ऐकू यायचं. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. त्यांना छळत होतं ते पहिलं नाव. एकदा चहाच्या वेळी कप हातात धरून म्हणाले, "दोन वर्षं त्या बायका माझ्या पायगुणाचं पाणी साठवत होत्या रे. आणि मी घरी येऊन हसत होतो."

पंप वरच्या अंगाला हलवायचा तर एका सबंध वर्षाच्या अवसांचे नमुने हवेत, असं वरून कळवलं गेलं. एकही चुकता कामा नये. पहिल्या तीन अवसांना ते स्वतः आले. मग निवृत्त झाले, छातीत दुखायला लागलं, डॉक्टरांनी प्रवास बंद केला. वही त्यांनी माझ्याकडे दिली. "मराठीतच लिही," म्हणाले. "आणि तिथी विसरू नको."

त्यानंतर प्रत्येक अवसेला, मी काठावरून सामान आवरत असताना त्यांचा फोन यायचा. तब्येतीची, प्रवासाची चौकशी नाही. एकच शब्द.

"तीनदा?"

"तीनदा, सर."

"हौ. मग ये आता सावकाश."

शेवटच्या अवसेला फोन आला तो नमुन्याच्या आधी. मला वाटलं, आज त्यांना घाई झाली. आवाज काकूंचा होता. पहाटे झोपेतच गेले. मुलगी विमानाने येत होती, संध्याकाळपर्यंत सगळं उरकायचं होतं. त्या क्षणी गाडी करून निघालो असतो तर मी कदाचित पोचलो असतो. भरतीला अजून पाऊण तास होता.

काकूंनी विचारलं, "नमुना झाला का?"

"नाही. भरती यायची आहे."

पलीकडे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. काकू म्हणाल्या, "घेऊनच ये बाळा. अर्धवट टाकून आलास तर त्यांना आवडायचं नाही."

मी थांबलो. अव्वा माझ्या शेजारी येऊन बसली. तिला मी सांगितलं. तिने पदर तोंडाला लावला आणि नदीकडे बघत राहिली. पाणी चढत होतं. वरून गोडं, खालून खारं.

त्या वर्षाची वही आता वरती पोचली आहे. पंपाची जागा बदलायला मंजुरी मिळाली आहे, काम अजून सुरू व्हायचं आहे. बायका अजून एकादशीला घागरी भरतात. मी अजून अवसेला जातो. आता कुणी मागितलेलं नाही, तरी जातो.

ते गेले त्या दिवशी भरती भरली तेव्हा मी बाटली पाण्यात बुडवली. विसळली, ओतली. पुन्हा विसळली, ओतली. तिसऱ्यांदा विसळली. मग वजन बांधून खोल सोडली, भरून वर काढली, बूच घट्ट लावलं, वहीत तारीख लिहिली आणि शेजारी बारीक अक्षरात तिथी. सामान आवरलं. फोन वाळूवर समोर ठेवून थोडा वेळ बसलो.

"तीनदा, सर," मी म्हणालो, आणि उठलो.